निघोज्याच्या तळ्यावरची सात गिधाडं

ही गोष्ट दोन हजार तेवीस सालची. संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. तिळगुळाचा डबा अजून निम्मा शिल्लक होता, आणि कासारवाडीच्या सुमनताई पहाटे साडेचारला पलंगाच्या कडेला बसून गुडघ्याला तेल चोळत होत्या. आज जाऊच नये, असं त्यांच्या मनात दोनदा येऊन गेलं. पण खाली हर्षालीची स्कूटर थांबल्याचा आवाज आला, तशा त्या भिंतीचा आधार घेत उठल्या.

वय एकाहत्तर. चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, आणि निवृत्त होऊनही तेरा वर्षं झाली. दर जानेवारीत निघोज्याच्या तळ्यावर पाणपक्ष्यांची मोजणी करायची, हे त्यांनी शाळेत असतानाच सुरू केलं होतं. पहिल्या वर्षी टेम्पो भरून मुलं होती. कुणी डबे आणले होते, कुणी गाणी म्हणत होतं, एकाने तर शेकाट्याचे लांब लाल पाय पाहून, "बाई, हा पक्षी गमबूट घालून आलाय," असं म्हटलं होतं. ती मुलं आता बाप झाली. काही हिंजवडीला, काही परदेशात. बावीस वर्षांत माणसं गळत गळत मोजणीला दोघीच उरल्या. सुमनताई आणि ही हर्षाली.

हर्षाली वाकडला राहायची, एकोणतीस वर्षांची. पाणथळ जागांचे अहवाल लिहिणाऱ्या एका संस्थेत कंत्राटी नोकरी. वर्षभराचं कंत्राट, मार्चमध्ये संपणारं.

मोशीच्या पुढे ट्रेलरची रांग लागली होती. स्कूटर रांगेच्या कडेने, खडीवरून, हळूहळू चालली.

"ताई, झोप आली तर सांगा, थांबू," हर्षाली मागे न वळता म्हणाली.

"या वयात झोप येत नाही गं. नुसता कंटाळा येतो."

"मला झोप पण येते आणि कंटाळा पण."

सुमनताई हसल्या. ह्या मुलीशी त्यांचं जमायचं ते अशाच बोलण्यावर.

या वर्षीच्या मोजणीला एक कारण होतं. तळ्याची जागा गोदामासाठी आणि ट्रेलर उभे करायला मागितली गेली होती. दोन फेब्रुवारीला तहसील कचेरीत हरकतींची सुनावणी होती. संस्थेच्या हरकतीला जोड म्हणून जायची ती सुमनताईंची यादी. बावीस वर्षांच्या बावीस वह्या. पण आदल्या वर्षी दुसऱ्या एका तळ्याच्या सुनावणीत अधिकाऱ्यांनी यादी चाळून म्हटलं होतं, "बदकं काय, सगळीकडेच असतात." ते तळं आता राहिलेलं नव्हतं. तेव्हा या यादीत बदकांपेक्षा मोठं काही सापडलं तर तळं टिकेल, नाहीतर नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं.

तळ्यावर धुकं होतं. पलीकडच्या कंपनीचे पिवळे दिवे धुक्यात भिजल्यासारखे दिसत होते. तिसरी शिफ्ट सुटायची होती. दरवर्षीप्रमाणे दोघींनी पहिल्या फेरीला काठ वाटून घेतले; दुसऱ्या फेरीत एकीचे पक्षी दुसरीने शेजारी उभं राहून पाहायचे. हर्षाली तिवईवरचा स्कोप घेऊन उत्तरेला गेली, आणि सुमनताई दुर्बीण गळ्यात अडकवून बांधावरच्या त्यांच्या नेहमीच्या दगडावर बसल्या. टिबुकल्या नऊ. हळदीकुंकू बदकं चौदा. गेल्या वर्षी साठ होती. चक्रवाक एकही नाही. लिहिताना त्यांचा हात जड होत होता. मोजायला बसलं की आकडा खालीच जायचा, आणि तो आपल्याच हाताने लिहायचा.

सव्वासातच्या सुमारास त्यांनी सहज दुर्बीण वर केली. बांधाच्या टोकाला, पाणकणसांच्या मागे, एक वठलेली बाभूळ होती. बाभळीवर मोठे काळे पक्षी बसले होते. खांदे वर काढून, मान आत ओढून. डोकं उघडं, केस काढल्यासारखं. एक, दोन, तीन. सात.

सुमनताईंनी दुर्बीण खाली घेतली, काचा पदराला पुसल्या, पुन्हा लावली. सातच.

त्यांचे वडील रेल्वेत की-मन होते. खांद्यावर हातोडा टाकून कासारवाडीपासून पुढे रूळ तपासत चालायचे. रुळांवर कधी म्हैस कापली जायची, कधी मोकाट गाय. मग लायनीपलीकडच्या माळावर गिधाडं उतरायची. वीस, तीस, चाळीस. सुमन शाळेत जाताना दप्तर पोटाशी धरून त्यांच्याकडे बघत उभी राहायची. जेवून जड झालेलं गिधाड उडायला धावत सुटायचं, एखाद्या जाड्या मामासारखं, आणि ती पोट धरून हसायची. वडील म्हणायचे, "हसू नकोस, माझ्या खात्याचीच माणसं आहेत ती. लाइन साफ ठेवतात." त्या माळावर पुढे चाळी आल्या, मग इमारती. गिधाडं कधी गेली ते कुणाला कळलंच नाही. शेवटचं त्यांनी पाहिलं ते शहाण्णव साली, एकटंच, खूप उंचावर. त्यानंतर निवृत्तीपर्यंत चौदा वर्षं प्रत्येक वर्गाला त्यांनी गिधाडाचा धडा शिकवला तो फळ्यावर चित्र काढून.

आता सात, बाभळीवर.

त्यांनी हाक मारली नाही. हाक मारली तर उडतील. त्या दहा मिनिटं नुसत्या बघत राहिल्या. थंडीने नाक गळत होतं, ते पुसायचंही भान नव्हतं. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकलाय, काढून टाका, असं डॉक्टरांनी दिवाळीतच सांगितलं होतं. त्या क्षणी ते काही त्यांना आठवलं नाही. मग सातही पक्षी एकामागून एक बाभळीवरून धप्‌धप्‌ खाली पडल्यासारखे उतरले आणि पाणकणसांमागे दिसेनासे झाले. गिधाडं अशी उतरत नाहीत. हे त्यांना तेव्हाही जाणवलं असावं. पण माणूस दमलेला असला की जे हवं असतं त्यालाच टेकतो.

हर्षाली आली तोवर बाभूळ रिकामी होती. सुमनताईंनी वही पुढे केली. गिधाडं, सात.

हर्षालीने आकडा वाचला, मग त्यांच्याकडे पाहिलं. "नक्की, ताई?"

"मी लहानपणी त्यांच्यातूनच शाळेत गेलेय गं."

या मोजणीचा एक नियम होता, आणि तो सुमनताईंनीच घालून दिला होता. प्रत्येक नोंदीखाली दोन सह्या. ज्याने पाहिलं त्याची, आणि ज्याने शेजारी उभं राहून पाहिलं त्याची. एकट्याने पाहिलेलं धरायचं नाही, मग पाहणारा कुणीही असो. शाळेतल्या मुलांनी मोर आणि मगरी लिहू नयेत म्हणून केलेला नियम. बावीस वर्षांत तो मोडला नव्हता. हर्षालीने पेन काढलं आणि सुमनताईंच्या सहीशेजारी सही केली. न बघता. ताईंनी पाहिलं म्हणजे पाहिलं. सुमनताईंनी तिला अडवलं नाही.

परतताना हर्षालीने एका टपरीवर चहा सांगितला आणि तिथूनच ऑफिसात फोन केला. फोनवर ती आठवड्याभरात पहिल्यांदा मोठ्याने बोलत होती. "सात! हो, ताईंनी स्वतः." फोन ठेवून म्हणाली, "ताई, साहेब म्हणतात, आता सुनावणीत बघू कोण बदकं म्हणतंय ते. फक्त एक फोटो पाहिजे."

फोटो काढायला हर्षालीला वेळ नव्हता. दुसऱ्या दिवसापासून दोन दिवस तिला भिगवणला मोजणी होती. तेव्हा सुमनताईच निघाल्या. चाकणपर्यंत बस, पुढे शेअर रिक्षा. रिक्षात रात्रपाळी करून आलेली दोन पोरं त्यांच्या खांद्यावर डोकी टाकून झोपली. त्यांनी हलवलं नाही. उतरल्यावर अर्धा मैल चालायचं होतं, तिथे तीनदा थांबावं लागलं.

बांधावर गवराबाई भेटली. निघोज्याची, पासष्टीची, डोक्यावरून पदर, पायात मुलाचे जुने कंपनीचे बूट. तळ्यावर तिची म्हैस चरायची, त्यामुळे बावीस वर्षांची ओळख. सुमनताईंना ती पहिल्यापासून बाईच म्हणायची.

"पुन्यांदा आलासा, बाई? काल काय चुकलं का मोजायचं?"

"काल एक चांगली गोष्ट दिसली. तिचा फोटो काढायचाय."

"काढा की. मी जरा माझ्या पोरांना खाऊ घालून येते." गवराबाईच्या ओच्यात बाजरी होती. ती बांधाच्या टोकाला गेली आणि जीभ टाळ्याला लावून आवाज काढला. "आ, आ, आ."

पाणकणसं हलली. आतून ते बाहेर आले. काळेभोर, उन्हात तांब्यासारखे चमकणारे, उघड्या निळ्या-लाल डोक्याचे, चोचीवरून लालभडक मांसाची झालर लोंबणारे. मान पुढे काढून, एकमेकांना ढकलत, ते गवराबाईकडे धावत सुटले. त्यांच्या गळ्यातून गुडगुड असा आवाज येत होता, रिकाम्या घागरीत पाणी भरल्यासारखा. सात होते.

सुमनताई दगडावर बसल्या. हातातला मोबाइल त्यांनी पिशवीत ठेवला.

"हे काय आहे, गवराबाई?"

"टरकी. आमच्या गोरक्षाचा धंदा." गवराबाई बाजरी फेकत म्हणाली. "लाकडाऊनला त्याची कंपनी बंद व्हती न्हवं? दिसभर मोबाइल बघायचा. त्यात कुनीतरी सांगितलं, टरकी पाळा, राजा व्हाल. आनली पंचवीस पिल्लं. वाढवली आमी. आन्‌ इकायला गेला तर चाकनात कोन खातंय? म्हनत्यात, आमाला गावरान द्या. काय कुत्र्यांनी खाल्ली, काय मुंगसानं. कंपनी चालू झाली, गोरक्षा शिफ्टला गेला, ह्यी सात माझ्या गळ्यात. मारायला माझा हात व्हईना. एक दिस उठून बाभळीवर बसली ती खुराड्यात परत आलीच न्हाई."

"बाभळीवर झोपतात?"

"व्हय. धुकं वर गेलं की उतरत्यात." मग तिने सुमनताईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "का वो? तोंड असं का केलंया?"

सुमनताईंनी सांगितलं. लपवून ठेवण्याइतकी ताकदही उरली नव्हती. गवराबाई आधी ऐकत राहिली, मग पदर तोंडाला लावून हसायला लागली, हसता हसता खोकली.

"गिधाडं? अवो बाई, माझी सासू गेली तवापासनं म्या न्हाई बघितली. आन्‌ तुमी शाळेत पोरांना कावळा-चिमनी शिकवता ना?"

"हस तू. माझीच चूक आहे."

गवराबाई हसायची थांबली. शेजारी येऊन बसली. टर्की दोघींच्या पायांशी दाणे टिपत फिरत होत्या, एकीने सुमनताईंच्या चपलेवर चोच मारून पाहिली.

"त्या यादीमुळं तळं ऱ्हाईल, असं व्हय?"

"राहिलं असतं. कदाचित."

"मंग ऱ्हाऊ द्या की गिधाडं. सायबाला काय कळतंय? त्यो हितं चिखलात बघाया येनार हाय का? आन्‌ ह्यी मी उद्याच घरी नेते, बाभळ मोकळी करते. मी न्हाई बोलायची कुनाला." ती पाण्याकडे बघत म्हणाली, "तळं गेलं तर म्हस कुटं न्यायची मी? नळाचं पानी एक दिसाआड."

खरं सांगायचं तर गवराबाई म्हणते ते सुमनताईंच्याही मनात येऊन गेलं होतं, आणि येऊन गेलं एवढंच नाही, थोडं बसलंही होतं. फोटो धुक्यामुळे आला नाही, असं सांगितलं तर कोण विचारणार? आयुष्यात बावीस वर्षं खरंच लिहिलं. त्यातून तळ्याला काय मिळालं? साठाची चौदा बदकं.

घरी येऊन त्या न जेवता आडव्या झाल्या. दुपारभर खालून लोकल जात येत राहिल्या. त्यांनी वही उशाशी घेतली, उघडली, ते पान पाहिलं. गिधाडं, सात. खाली त्यांची सही, शिक्षिकेची, गोल आणि स्वच्छ. शेजारी हर्षालीची, घाईतली, शेवटचं अक्षर पानाबाहेर गेलेलं. आपली सही एकटी असती तर कदाचित त्या निजून राहिल्या असत्या. पण ती दुसरी सही त्यांच्यावर विसंबून केलेली होती. बाभळीवरचा एकही पक्षी न बघता.

हर्षाली दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भिगवणहून थेट आली. नाक उन्हाने सोललेलं, बुटांना वाळलेला गाळ. वही न्यायला आली होती. झेरॉक्स काढून सकाळी संस्थेत द्यायची होती. सुमनताईंनी तिला आधी पोहे दिले. तिचे खाऊन होईपर्यंत थांबल्या.

"हर्षाली, ती गिधाडं नव्हती. पाळलेल्या टर्की आहेत. गवराबाईच्या. मी काल हाताच्या अंतरावरून पाहिल्या."

हर्षालीने बशी खाली ठेवली.

"सातच्या सात?"

"सातच्या सात."

"असं होऊ शकतं ना ताई, की टर्की आधी उतरून गेल्या आणि मग गिधाडं येऊन बसली?" तिचा तिलाच विश्वास नव्हता. बोलून झाल्यावर तिने डोळे चोळले. "साहेबांनी पत्रात लिहून टाकलंय. मार्चमध्ये माझं कंत्राट आहे. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे."

"मी आत्ता उठून गेले, वही घेऊन, आणि तुम्ही मला काही सांगितलंच नाही असं धरलं तर?"

"तर मी तुला अडवणार नाही. माझ्यात तेवढं बळ नाही." सुमनताई म्हणाल्या. "पण सही तुझी आहे त्याखाली. उद्या कुणी विचारलं, तू पाहिलंस का, तर तू काय सांगशील? मी पाहिलं नाही, ताई म्हणाल्या. आणि नाही विचारलं कुणी, तर ते तुझ्यापाशी राहील. माझ्यापाशी फार दिवस राहायचं नाही, माझं वय झालंय. तुझ्यापाशी राहील. तुला मी सही करू द्यायला नको होती."

खालून लोकल गेली. भांडी किणकिणली. हर्षाली खिडकीशी जाऊन उभी राहिली, पाठ करून. रडत होती की नुसती उभी होती, ते सुमनताईंना कळलं नाही, त्यांनी विचारलंही नाही.

मग ती वळून म्हणाली, "खोडायचं कसं असतं? गिचमिड करायची नाही ना?"

"नाही. एकच सरळ रेघ. खालचं वाचता आलं पाहिजे."

सुमनताईंनी पट्टी घेतली आणि रेघ मारली. त्यावर लिहिलं, टर्की, सात, पाळीव, सुटलेल्या. सही केली. हर्षालीने शेजारी सही करण्याआधी विचारलं, "पण मी याही पाहिल्या नाहीयेत."

तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी पुन्हा निघोज्याला गेल्या, पुन्हा त्याच खडीवरून, ट्रेलरच्या कडेने. हर्षालीने गवराबाईच्या ओच्यातून मूठभर बाजरी घेतली, टर्कींना घातली, मोजल्या, आणि बांधावर बसून सही केली. गवराबाई तिच्याशी बोलली नाही. सुमनताईंशीही नाही. म्हशीला हाकत ती पलीकडे गेली.

दोन फेब्रुवारीला सुनावणी झाली. तहसील कचेरीतल्या बाकावर चार तास बसल्यावर त्यांचा पुकारा झाला. अधिकारी तरुण होते, सभ्य होते. पत्रात गिधाडं होती ती वगळल्याचं पुरवणी पत्र संस्थेने जोडलं होतं. अधिकाऱ्यांनी वहीच्या झेरॉक्स चाळल्या, एका पानावर थांबले, आणि विचारलं, "टर्की म्हणजे ती नाताळात खातात तीच ना?" मागे बसलेल्या गोदामवाल्या कंपनीच्या वकिलाला हसू आलं, त्याने ते खोकल्यात लपवलं. सुमनताई म्हणाल्या, "हो, तीच." आणखी कुणी काही विचारलं नाही. महिन्याभरात गोदामाला परवानगी मिळाली.

एप्रिलमध्ये डंपर आले आणि अर्धं तळं बुजवून गेले. उरलेलं अर्धं कुणी पक्ष्यांसाठी ठेवलं नाही. जागा विकणाऱ्या चुलतभावांत हिश्शावरून कज्जा लागला, कोर्टाने काम थांबवलं, म्हणून ते राहिलं. अजून तसंच आहे, पत्र्याच्या कुंपणाआड.

गोरक्ष आता आपल्या जुन्याच कंपनीत लाइन इन्चार्ज आहे. टर्कीचं नाव काढलं तर चिडतो. टर्कींपैकी तीन त्या उन्हाळ्यात डंपरच्या आवाजाने पळून कुठे गेल्या कळलं नाही, बाकीच्या चार गवराबाईच्या अंगणात म्हाताऱ्या होऊन मेल्या. गवराबाईने म्हैस विकली. मागच्या दोन खोल्या लातूरकडच्या कामगार जोडप्याला भाड्याने दिल्या, त्यांची मुलगी ती सांभाळते. वर्षभर ती सुमनताईंशी बोलली नाही. मग एक दिवस गोरक्षच्या मोबाइलवरून फोन आला, आणि काही झालंच नाही अशा आवाजात तिने विचारलं, "बाई, गुडघा कसा हाय?"

हर्षालीचं कंत्राट मार्चमध्ये संपलं, ते पुढे वाढलं नाही. सध्या ती बांधकामांना पर्यावरणाचे अहवाल लिहून देणाऱ्या एका कंपनीत आहे, बाणेरला. पगार बरा आहे. दिवाळीला येते, पोहे खाते, म्हणते, "मी खरंच लिहिते ताई, वाचतं कोण ते विचारू नका."

सुमनताईंनी त्याच वर्षी दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं करून घेतली. पुढच्या जानेवारीत त्या एकदा गेल्या, पत्र्याच्या फटीतून बघितलं, टिबुकल्या तीन, शेकाटे पाच. शेजारी पाहायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी ते वहीत लिहिलं नाही.